बंदुकीच्या नळींतील अडथळा व त्यापासून होणारी हानि

मालवण, देवगड, वेंगुर्लें या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत, तसेंच घाटाकडील कुडाळ, सावंतवाडी व दोडामार्ग भागांत, शेतीसंरक्षणासाठीं घेतलेल्या परवान्याच्या बंदुका वाडीवाडींतून आढळतात. माडावरच्या शहाळ्यांचा वानरांनीं केलेला नाश, काजूच्या बागेंतील माकडांचा धुमाकूळ व पिकल्या भातांत रात्रीं उतरणारीं रानडुकरें ज्यानें पाहिलीं आहेत त्यास ही बंदूक कशासाठीं लागते हें सांगावयास नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठीं तोंडाकडून भरावयाच्या, म्हणजे ठासणीच्या, बंदुकीचा निराळा उल्लेखच केलेला आहे. आणि ठासणीच्या बंदुकीनें काम भागणार नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते, अशीहि तरतूद तेथेंच आहे. सबब आपल्याकडे मुख्यतः दोन जातींच्या बंदुका दिसतात: एक ठासणीची, केपेची, व दुसरी बारा बोअरची, काडतुसाची. या दोहोंच्या नळ्या कशानें बिघडतात व कशानें फुटतात एवढाच विषय आज घेतला आहे. शिकार हा आमचा विषय नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे. वनखात्याच्या परवानगीची रीत पाळल्यावांचून रानडुकरासहि मारतां येत नाहीं, व गवा तर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींतला प्राणी. परंतु नुसता आवाजाचा बार काढावयाचा झाला तरी तो याच नळींतून निघतो, आणि नळी बिघडावयाची ती तेव्हांहि बिघडूं शकते.

नळी फुगली किंवा फुटली कीं गांवांत दोनच कारणें ऐकूं येतात. एक, दारू जास्त झाली. दुसरें, नळीच हलक्या लोखंडाची होती. हीं कारणें सदाच खोटीं असतात असें नाहीं. परंतु पुष्कळदां खरें कारण तिसरेंच असतें, आणि तें बार काढण्याच्या वेळीं नव्हे तर बंदूक खुंटीवर स्वस्थ टांगलेली असतांना घडून गेलेलें असतें. नळींत कांहीं तरी जाऊन बसलेलें असतें, व बार काढणाऱ्यानें आंत पाहिलेलें नसतें. दारूला आणि कारागिराला दोष देऊन पुढच्या मनुष्याचीं बोटें वांचत नाहींत. म्हणून कारण नक्की करण्याची रीत प्रथम सांगतों.

फुटलेली नळी हातांत घेऊन ती कोठें फुटली हें पाहावें. दारूचा जोर नळीच्या बुडाशीं सर्वांत अधिक असतो. बारा बोअरच्या साध्या काडतुसांत तो दर चौरस इंचास सुमारें तीन ते साडेतीन टन इतका चढतो, आणि छर्रे पुढें सरकूं लागले कीं मागची जागा वाढत जाऊन झपाट्यानें उतरतो. तोंडाशीं येईपर्यंत त्याचा लहानसा अंश शिल्लक राहतो. म्हणूनच कारागीर नळी बुडाशीं जाड ठेवतो व पुढें पातळ करीत नेतो. हलक्या बंदुकींत तर पुढल्या भागांतील नळीची भिंत एक मिलिमीटरहूनहि कमी जाड असते. यावरून उघड आहे कीं, केवळ दारू जास्त झाल्यामुळें नळी फुटली तर ती बुडाशीं फुटली पाहिजे. ती जर मध्येंच किंवा तोंडाजवळ फुटली असेल, आणि फाटलेल्या कडांच्या लगत नळीभोंवतीं बांगडीसारखा फुगवटा उठला असेल, तर त्या ठिकाणीं अडथळा होता असें समजावें. या विषयाचे जाणकार इंग्रज ग्रंथकार मेजर सर जेराल्ड बरार्ड यांनीं १९३१-३२ सालीं तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या 'दि मॉडर्न शॉटगन' या ग्रंथांत फुटलेल्या नळ्यांचा विचार याच धोरणानें केलेला आहे. आपल्या गांवांत मात्र फुटलेल्या नळीचा फुगवटा कोणी पाहत नाहीं. दारू कोणाकडून आणली याची चौकशी आधीं होते.

अडथळ्यानें नळी फुगते कशी, याविषयींहि गैरसमज आहे. पुष्कळांस वाटतें कीं, तोंड बंद झाल्यामुळें धूर आंत कोंडतो व त्यानें नळी फुटते. तसें असतें तर नळी सगळीच फुगली असती. प्रत्यक्षांत फुगवटा एकाच जागीं, दोन-तीन बोटें रुंदीचा असतो. खरा प्रकार असा: छर्ऱ्यांचा गोळा सेकंदास हजार-बाराशें फूट वेगानें येत असतो, आणि अडथळा जागच्या जागीं निश्चल असतो. निश्चल पदार्थ कितीहि हलका असला तरी त्यास तो वेग एकदम घेतां येत नाहीं. त्यामुळें पुढचे छर्रे त्यावर आपटून मंदावतात, मागचे त्यांच्यावर चेपले जातात, त्यांच्यामागून धांवत येणारा धूर तेथेंच थडकतो, आणि पुढें जाण्याचा सगळा जोर त्या क्षणापुरता आडवा, नळीच्या भिंतीवर, वळतो. विहिरीवरच्या पंपाचें पाणी पाइपांतून माडांस चालू असतां शेवटचा कॉक कोणी एकदम बंद केला, तर पाइप कसा ठोका खातो व कधीं सांध्याशीं कसा फाटतो हें बागाइतदारांनीं पाहिलेलें आहे. पंपाचा जोर त्या वेळीं वाढलेला नसतो. धांवतें पाणी अडलेलें असतें. नळींतहि हेंच होतें. यावरून ध्यानांत येईल कीं, अडथळा घट्ट रुतलेला असला पाहिजे असें मुळींच नाहीं. बोटानें ढकलल्यास निघेल अशी चिंधी किंवा अर्धा इंच ओला चिखल एवढ्यानेंहि नळीस कडें पडतें.

आतां हे अडथळे येतात कोठून? आमच्या किनाऱ्यावर पहिला मान कुंभारणीचा. नळीच्या टोंकावरील नेम धरण्याच्या मण्यास आपण 'माशी' म्हणतों. त्या माशीकडे सर्वांचें लक्ष असतें, आणि तिच्या खालीं अर्ध्या इंचावर आंत शिरलेल्या दुसऱ्या माशीकडे कोणाचेंच नसतें. कुंभारणीच्या कांहीं जाती भिंतीवर मडक्यासारखें घर बांधतात, तर कांहीं आयतें भोंक शोधतात: चौकटींतलें खिळ्याचें भोंक, वेळूचा तुकडा, फवारणीच्या पंपाची नळी. त्यांत कोळी अगर अळ्या डंखानें लुळ्या करून भरावयाच्या, अंडें घालावयाचें व तोंड चिखलानें लिंपून टाकावयाचें, हा त्यांचा उद्योग. बारा बोअरची नळी म्हणजे पाऊण इंचास किंचित् कमी व्यासाचें, कोरडें, ओटीवरच्या सावलींत टांगलेलें भोंक. कुंभारणीस याहून सोयीची जागा कोणती असणार? आमच्याकडची तांबडी माती एकदां वाळली म्हणजे पोलादास अशी धरून बसते कीं, ती काडीनें टोकरूनहि धड निघत नाहीं. या माशीचा प्रताप बंदुकीपुरताच नाहीं. १९९६ च्या फेब्रुवारींत डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील पोर्टो प्लाटा येथून निघालेलें एक प्रवासी विमान समुद्रांत पडून १८९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानाचा वेग मोजणारी नळी बंद झाली होती, व ती बहुधा अशाच माशीच्या घरानें बंद झाली असावी असा तपास करणाऱ्यांचा तर्क होता. तें विमान त्यापूर्वीं कांहीं दिवस जमिनीवर उभें होतें.

कुंभारीण व खारी हवा यांच्या भीतीनें कित्येक लोक पावसाळ्यांत नळीच्या तोंडांत चिंधीचा बोळा कोंबून किंवा लांकडी बूच मारून ठेवतात. आमच्या मतें हा उपाय मूळ रोगापेक्षां वाईट आहे. मातीचें घर निदान एखाद्याच नळींत होतें. बोळा तर आपण होऊन प्रत्येक नळींत घातलेला असतो. रात्रीं एकाएकीं कुत्रीं भुंकूं लागलीं, कुणग्यांत डुकरें उतरल्याचा ओरडा झाला, म्हणजे खुंटीवरून बंदूक ओढून अंधारांत धांवणाऱ्यास त्या बोळ्याची आठवण राहत नाहीं. शिवाय कापड ओल धरून ठेवतें व नळीच्या तोंडाशीं आंतून गंजाची कडी धरते, ती निराळीच. नळीच्या आंत कांहींहि घालूं नये. तोंडावरून बाहेरच्या बाजूनें कोरड्या कापडाची टोपी चढवून ती दोऱ्यानें बांधावी, व चापाच्या कड्यांतून तांबड्या कापडाची एक पट्टी ओवून ठेवावी. अंधारांत टोपी दिसली नाहीं तरी बोट चापाकडे जातांच त्या पट्टीस लागतें, आणि टोपी काढावयाची आहे हें आठवतें. ज्यांस बोळाच पाहिजे असेल त्यांनीं निदान त्याची हातभर शेंपटी बाहेर लोंबती ठेवावी. पण आम्ही त्याची शिफारस करीत नाहीं.

चिखलाविषयीं फार लिहावयास नको. मेरेवरून उतरतांना, व्हाळ ओलांडतांना बंदुकीचा काठीसारखा उपयोग करणारे लोक आहेत. भरलेली बंदूक टेंकून चालणें हाच एक अविचार; त्यांत नळीचें तोंड क्षणभर जमिनीस लागलें कीं चिखलाची चकती कापून आंत बसते. चालतांना पाय घसरून पडलेल्या मनुष्यानें उठल्यावर कपडे झाडण्यापूर्वीं नळी पाहावी. तेलाचीहि गोष्ट थोडक्यांत सांगतों. गंज धरूं नये म्हणून चोपडलेलें ग्रीस नळींत तसेंच ठेवून पावसाळ्यानंतरचा पहिला बार काढूं नये. कोरडें फडकें फिरवून तें आधीं पुसून घ्यावें. खोबरेल तेल तर चोविसेक अंशांच्या खालीं थिजतें, आणि पौषांतल्या पहाटे आमच्याकडेहि तेवढी थंडी पडते. बंदुकीस तें लावूंच नये. त्याच्यासाठीं घरांत डोकीं पुष्कळ आहेत.

काडतुसाच्या बंदुकींत सर्वांत फसवा अडथळा बंदुकीच्या स्वतःच्याच बारांतून निर्माण होतो. काडतूस खडकीच्या कारखान्याचें असो वा परदेशचें, तें दोन-तीन पावसाळे ओलसर कोनाड्यांत राहिलें तर त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. अशा काडतुसाची केप फुटते, पण दारू अर्धवट पेटते. आवाज बारासारखा न होतां 'फुस्स' असा होतो, खांद्यास धक्का जेमतेम लागतो, आणि दारू व छर्रे यांच्यामध्यें असलेली जाड चकती, जिला दुकानदार वॅड म्हणतात, ती नळीच्या मध्यावरच थांबते. बार काढणाऱ्यास वाटतें, काडतूस फुकट गेलें. डुकरें तर अजून समोरच आहेत. तो घाईनें दुसरें घालतो. नळी फुगते ती या दुसऱ्या काडतुसानें. तें अगदीं चांगलें असतें, म्हणूनच फुगते. यास्तव आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षां कमी वाटला तर बंदुकीचें तोंड निर्धोक दिशेस तसेंच धरून अर्धा मिनिट थांबावें. कधीं कधीं दारू उशिरा पेटते. मग बंदूक उघडून, काडतूस काढून, मागील बाजूनें नळींतून उजेडाकडे पाहावें. रात्रीं माळ्यावर असल्यास नळीच्या तोंडापुढें पांढरें फडकें धरून त्यावर विजेरीचा झोत टाकावा व मागून पाहावें. पलीकडचा उजेड पुरता वाटोळा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर त्या रात्रीं ती बंदूक उडवूं नये. डुकरें चार पेंढ्या खाऊन जातील, त्या जाऊं द्याव्या.

याहून भयंकर प्रकार वीस बोअरच्या काडतुसाचा. बोअरचा हिशेब मुळांत शिशावर बसविलेला आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर जेवढी एक गोळी होईल तेवढा नळीचा व्यास म्हणजे बारा बोअर, आणि वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणजे आंकडा वाढला कीं नळी लहान. बारा बोअरचा व्यास ०.७२९ इंच, विसाचा ०.६१५ इंच. हें उलटें गणित पुष्कळांस ठाऊक नसतें. आतां वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकींत घातलें तर तें मागें अडकत नाहीं. काडतुसाची जागा ओलांडून पुढें सरकतें, आणि नळी जेथें अरुंद होऊं लागते तेथें आपल्या बुडाच्या कडेनें अडकून बसतें. घोडा पडतो, बार होत नाहीं. मनुष्य बंदूक उघडतो तों काडतुसाची जागा रिकामी दिसते. आपण काडतूस घालावयासच विसरलों असें समजून तो बारा बोअरचें घालतो. तें व्यवस्थित बसतें, बंदूक नीट मिटते. या बारानें पुढच्या काडतुसावर आघात होतो, त्यांतील दारूहि पेटूं शकते, आणि नळी फुटते ती बरोबर त्या जागीं जेथें बार काढणाऱ्याच्या डाव्या हाताची मूठ असते. या अपघातास भिऊनच अनेक कारखान्यांनीं वीस बोअरच्या काडतुसांचें नळकांडें पिवळें करण्याची चाल पाडली. परंतु रात्रीं पिवळें व तांबडें सारखेंच. ज्या घरांत अगर शेजारांत दोन बोअरच्या बंदुका आहेत त्यांनीं काडतुसें एका डब्यांत किंवा एका खिशांत कधींहि ठेवूं नयेत, व शेजाऱ्याकडून उसनें काडतूस घेऊं नये. तें कायद्यासहि धरून नाहीं.

ठासणीच्या बंदुकीची अडचण निराळी. तिच्या नळीचें बूड बंद असल्यामुळें मागून पाहतां येत नाहीं, आणि समोरून पाहणें म्हणजे भरलेल्या बंदुकीच्या तोंडाशीं डोळा नेणें. कांहीं जुने लोक तोंडानें नळींत फुंकून केपेच्या भोंकांतून वारा येतो काय हें पाहत असत. ही रीत कितीहि जुनी असली तरी टाकून देण्यासारखी आहे. या बंदुकींत दोन चुका वारंवार होतात. पहिली, एका बारावर दुसरा बार भरणें. केप फुटते पण दारूस आग पोंचत नाहीं. किंवा कालचा भरलेला बार तसाच राहतो व आज दुसराच मनुष्य भरतो. अशी चूक अडाण्याकडूनच होते असें कोणीं समजूं नये. २ जानेवारी १८७९ रोजीं इंग्लंडच्या आरमारांतील 'थंडरर' या युद्धनौकेवर सराव चालू असतां ३८ टन वजनाची, तोंडाकडून भरावयाची एक तोफ फुटून ११ माणसें ठार झालीं. चौकशींत असें ठरलें कीं, दोन तोफा एकदम उडविल्या असतां एकीचा बार झालाच नाहीं; दुसरीच्या आवाजांत व धुरांत तें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं, आणि तिच्यांत दुसरा बार भरला गेला. त्याआधीं १८६३ सालीं अमेरिकेंतील गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हां हजारों बंदुकांत एकावर एक दोन किंवा अधिक बार आढळले. कवायती शिपायांची ही स्थिति, तर अंधारांत माळ्यावर बसलेल्या कुळाची काय कथा?

दुसरी चूक कमी प्रसिद्ध आहे. चिंधी किंवा काथ्याचा बोळा दारूपर्यंत न पोंचतां वाटेंत अडला, तर दारू व बोळा यांच्यामध्यें पोकळी राहते, आणि मग तो बोळा व त्यावरील छर्रे हेच अडथळ्याचें काम करतात. लोकांस वाटतें, सैल भरली म्हणजे बंदूक निर्धोक. वास्तविक ती अशानेंच फुगते. बोळा अडण्याचें कारण बहुधा आंतली काजळी. काळ्या दारूचा मळ हवेंतील ओल शोषून घेतो, आणि खाऱ्या हवेंत तर एका रात्रींत ओलसर होऊन गंज धरूं लागतो. चार-पांच बार झाल्यावर नळी आंतून अरुंद झालेली असते. वापर संपल्यावर त्याच दिवशीं कढत पाण्यानें नळी धुवावी, फडक्यानें कोरडी करावी व पातळ तेलाचा नुसता हात फिरवावा. थंड पाण्यानें धुतलेली नळी लवकर वाळत नाहीं.

या दोन्ही चुकांवर एकच सोपा उपाय आहे, व तो ज्याच्याजवळ चाकू आहे त्यास आजच करतां येईल. बंदूक रिकामी असल्याची खात्री असेल त्या दिवशीं गज नळींत बुडापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशीं गजावर एक खूण कोरावी. मग नेहमीचा बार ठासून पुन्हां गज सोडावा व दुसरी खूण करावी. यापुढें बंदूक हातांत घेतांच, घोड्याखालीं केप नाहीं हें पाहून, गज सोडावा. पहिली खूण तोंडाशीं आली तर नळी रिकामी. दुसरी आली तर बार भरलेला व नीट ठासलेला. गज त्याहूनहि वर राहिला तर दुसरा बार, पोकळी अगर माती, यांपैकीं कांहीं तरी आंत आहे. गज सोडतांना तोंड व तळहात नळीच्या सरळ रेषेंत आणूं नये. दोन बोटांनीं कडेनें धरून सोडावा. अडलेला बार काढण्यासाठीं नळी चुलीवर तापविणें, किंवा लोखंडी सळई घालून वरून हातोडी मारणें, हे दोन्ही प्रकार जीवावर बेतणारे आहेत. केपेच्या भोंकांतून पाणी सोडून आंतली दारू पुरती भिजवावी व परवानाधारक कारागिराकडून बार उपसून घ्यावा.

नळीस कडें पडलें आहे कीं नाहीं, हें ओळखणें कठीण नाहीं. काडतुसाच्या बंदुकीची नळी उजेडाकडे धरून आंत पाहिलें असतां फुगवट्याच्या जागीं काळसर वलय दिसतें. बाहेरून अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत नळी धरून बुडापासून टोंकापर्यंत हळूहळू सरकवावी. डोळ्यांस न दिसणारा फुगवटा चिमटीस कळतो. अशी नळी पुन्हां वापरूं नये. लोहाराकडे नेऊन ठोकून घेतल्यानें ताणलेलें पोलाद पूर्ववत् होत नाहीं, उलट तेथेंच चीर पडते. तोंडाजवळचा फुगवटा असेल तर तेवढा तुकडा कापून टाकण्याची युक्ति कित्येकांस सुचते. महसुली कारकुनींत असतांना परवान्यांच्या नूतनीकरणाच्या वेळीं अशा चार-सहा बोटें आखूड झालेल्या नळ्या आमच्या नजरेस आल्या आहेत. मालकांस विचारावें तर 'वडिलांपासून अशीच आहे' हें उत्तर ठरलेलें. सदरहू कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणें परवाना नसलेल्या मनुष्यास बंदुकीची दुरुस्ती करतां येत नाहीं, व ६ व्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून नळी आखूड करणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. १३ व्या कलमांतील गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी २० इंचांहून कमी नसावी, हेंहि लक्षांत ठेवावें. अंगणांत करवतीनें कापलेल्या चार बोटांपायीं परवाना जाण्यापेक्षां कारागिराचा लेखी अभिप्राय घेऊन नळी बदलण्याचा अर्ज करावा.

शेवटीं निवडणुकीच्या दिवसांविषयीं लिहिणें जरूर आहे. ज्या परवानेदारांस आदेश होतो त्यांस आपल्या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात, व त्या कित्येक आठवडे तेथें राहतात. एका खोलींत पुष्कळ बंदुका भिंतीस टेंकून उभ्या असतात, तोंडें वर. त्यांत धूळ पडते, पालीचीं अंडीं पडतात, खिडकी उघडी असली तर कुंभारीणहि येते. यांत कोणाची चूक काढावयाची नाहीं. शेंकडों बंदुकांच्या नळ्या रोज पाहण्याइतकीं माणसें कोणत्याच कचेरींत नसतात. जमा करण्यापूर्वीं नळी रिकामी, धुतलेली व पातळ तेलाची असावी, आणि तोंडावर कापडाची टोपी बांधावी. पावतींत नंबर व जात यांचे रकाने असतात, नळीच्या पोटाचा नसतो. म्हणून 'नळी साफ, फुगवटा नाहीं' एवढा शेरा विनंति करून लिहून घ्यावा, व न लिहून मिळाल्यास आपल्या अर्जाच्या दुय्यम प्रतीवर आपण लिहून पोंच घ्यावी. परत घेतांना सही करण्यापूर्वीं तेथेंच काडतुसाची बंदूक उघडून उजेडाकडे धरावी. ठासणीची असल्यास गज बरोबर नेलेला असावा, आणि पहिली खूण तोंडाशीं येते कीं नाहीं हें पाहून मगच बंदूक खांद्यास लावून घरची वाट धरावी.